मुंबईतली नावं कशी पडतात आणि का टिकतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरंच, असं का होतं?

दोन्ही नावांची कामं वेगळी आहेत. पाटीवरचं नाव कुणाचा तरी मान राखण्यासाठी दिलेलं असतं, तोंडातलं नाव कुठं उतरायचं ते सांगण्यासाठी. नेपियन सी रोडचं अधिकृत नाव लेडी लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्ग आहे. जुन्या नावात सात अक्षरं, नव्यात पंधरा. टॅक्सीच्या खिडकीशी वाकून पत्ता सांगणारा माणूस सात अक्षरांचंच नाव घेणार. यात नव्या नावाचा अनादर नाही. घाईत असलेला माणूस काम भागेल तेवढंच बोलतो. पेडर रोड, लॅमिंग्टन रोड, मरीन ड्राइव्ह या सगळ्यांना कधीच नवी नावं मिळाली. पाट्या नीट लावलेल्या आहेत, पण बोलणं जुन्याच नावांनी चालतं.

मग टिकणाऱ्या नावात नेमकं काय असतं?

नाव दोन-तीन शब्दांत संपतं, डोळ्यांना दिसणारी किंवा मोजता येणारी गोष्ट सांगतं आणि वाहतुकीच्या माणसांच्या तोंडी असतं. कंडक्टर, टॅक्सीवाले, हमाल, फेरीवाले यांनी उचललेलं नाव सहसा पडत नाही.

सात रस्त्याचं उदाहरण घ्या. इंग्रजांनी त्या चौकाला जेकब सर्कल म्हटलं, पुढं अधिकृत नाव संत गाडगे महाराज चौक झालं आणि मोनोरेलच्या स्थानकालाही तेच दिलं गेलं. लोकांनी मात्र तिथं येऊन मिळणारे रस्ते मोजले आणि सात रस्ता म्हटलं. इंग्रजी नाव गेलं, हे राहिलं. तीन बत्ती, पाच बत्ती, दोन टाकी, अंधेरीकडचे चार बंगला आणि सात बंगला ही सगळी याच जातीची नावं. अनोळखी माणसालाही जागेवर पोचल्यावर खूण पटते, म्हणून मोजणीचं नाव फार टिकाऊ असतं.

ज्या वस्तूवरून नाव पडलं तीच गेली, तर नाव जातं का?

जात नाही. मुंबईत तर याचे पुरावे रस्तोरस्ती आहेत.

सर्वांत बोलका पुरावा काळा घोड्याचा. आल्बर्ट ससून यांनी राजपुत्र एडवर्ड, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, याचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा शहराला दिला आणि 1879 मध्ये तो उभा राहिला. राजपुत्राचं नाव त्या चौकाला चिकटलंच नाही. लोकांना दिसला तो काळा घोडा. 1965 मध्ये पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं त्या जागी घोडा नव्हता, तरी नाव जराही हललं नाही. कलामहोत्सवही त्याच नावानं सुरू झाला. शेवटी 2017 मध्ये तिथं नवा घोडा बसवला गेला, तोही स्वाराशिवाय. नाव आधी आणि वस्तू नंतर, अशी ही उलटी गंगा.

चर्चगेटचंही तसंच. किल्ल्याच्या तटबंदीला सेंट थॉमस चर्चच्या दिशेनं एक दरवाजा होता. 1860 च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला. नाव स्टेशनला मिळालं आणि आज रोज लाखो लोक ते घेतात. फोर्ट भागात फोर्ट नाही. धोबी तलावाला तलाव नाही आणि गोवालिया टँकलाही नाही. 8 ऑगस्ट 1942 च्या सभेमुळे त्या मैदानाला ऑगस्ट क्रांती मैदान हे नाव मिळालं आणि ते चांगलं रुळलं, कारण त्यामागची घटना लोकांना ठाऊक होती. ऑपेरा हाऊस 1993 ते 2016 बंद होतं, पण त्या सगळ्या वर्षांत तिथं जाणारा माणूस ऑपेरा हाऊसलाच उतरत होता.

एकदा का नाव जागेचं झालं की वस्तूची गरज संपते.

इतकी नावं झाडांवरून कशी?

वस्ती दाट होण्याआधी वाट सांगायला झाड आणि पाणी हेच होतं. वडाळ्यात वड आहे, ताडदेवात ताड, चिंचपोकळी आणि चिंचबंदरात चिंच, बोरीबंदरात बोर, उमरखाडीत उंबर. गिरगावातली फणसवाडी आणि केळेवाडी तर समजावूनही सांगायला नको. पाण्याची नावंही तितकीच: पायधुनीला उथळ पाण्यातून येणारे लोक पाय धुवत, आणि शीव म्हणजे मुंबई बेटाची हद्द. रेल्वेच्या इंग्रजी आणि हिंदी पाटीवर सायन लिहिलेलं असलं तरी मराठी पाटीवर अजून शीवच आहे, आणि आपण ते तसंच बोलावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

भेंडी बाजार हे 'बिहाइंड द बाजार'वरून आलं, हे खरं का?

गोष्ट चटपटीत आहे, म्हणून पसरली. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग, साहेब त्याला 'बिहाइंड द बाजार' म्हणायचे, अपभ्रंश होऊन भेंडी बाजार झालं, असं सांगतात. त्यापेक्षा साधं उत्तर झाडाचं आहे. इथली भेंडी म्हणजे भाजीची नव्हे, रस्त्याकडेला सावलीसाठी लावतात ते पिवळ्या फुलांचं भेंडीचं झाड. आसपासच उमरखाडी आणि चिंचबंदर असताना तिसरंही नाव झाडाचं असणं अगदी स्वाभाविक आहे. शिवाय बाजाराची नावं ठेवतात ते बाजारात रोज खरेदी-विक्री करणारे लोक, आणि ते एकमेकांशी इंग्रजीत बोलत नव्हते.

अशीच दुसरी गोष्ट 'बॉम्बे'ची: पोर्तुगिजांनी या जागेला 'बोम बाईया', म्हणजे छान उपसागर, म्हटलं, असं सांगतात. पोर्तुगिजांच्या भाषेत उपसागराचा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे तिथं 'बोम' नव्हे, 'बोआ' यायला हवं. आपलीच भाषा बोलणारे लोक अशी चूक करून नाव ठेवतील हे पटत नाही. मुंबादेवीवरून मुंबई, हे मराठी माणूस आणि गुजराती माणूस पहिल्यापासून म्हणत आले आहेत.

आमच्या गल्लीच्या नावाचं मूळ शोधायचं आहे. सुरुवात कुठून करू?

आधी तिथल्या जुन्या माणसांकडून उच्चार ऐकून घ्या. पाटी वाचून दाखवू नका, त्यांनाच बोलू द्या. ऱ्हस्व-दीर्घ, ण आणि न, ळ आणि ल हे सगळं जसंच्या तसं टिपा. इंग्रजी स्पेलिंगवरून पुन्हा मराठीत आलेली नावं इथंच बिघडलेली सापडतात: ळ चा ल होतो, ड आणि द यांची गल्लत होते.

मग सर्वांत जुनी लेखी नोंद शोधा. 1909-10 चं मुंबई शहराचं तीन खंडांचं गॅझेटियर, जुने भूमापन नकाशे, चाळीची भाडेपावती, मिळकतीची कागदपत्रं, देवळाच्या किंवा विहिरीच्या दगडावरचा लेख, यातलं जे हाती लागेल ते. नोंदीचं साल आणि त्या वेळचं लिहिणं दोन्ही उतरवून घ्या.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात: जागा पायाखाली घालून बघा. नावात खाडी असेल तर उतार कुठं जातो? नावात टेकडी असेल तर चढ कुठं आहे? डोंगरीला आजही चढ लागतो.

शेवटी, सापडलेल्या गोष्टीला एकच प्रश्न विचारा: ज्या घटनेवरून किंवा माणसावरून नाव पडलं असं म्हणतात, ती घटना नावाच्या पहिल्या नोंदीच्या आधीची आहे का? नंतरची असेल तर ती गोष्ट बाजूला ठेवा. दोन व्युत्पत्ती तितक्याच पटत असतील तर दोन्ही लिहा. परळचं नाव झाडावरून की परळी वैजनाथावरून, हा वाद अशाच प्रकारचा आहे. कुणी ठासून एकच सांगत असेल तर त्याचा पुरावा मागा.

चौकाला किंवा रस्त्याला नाव द्यायचं असेल तर अर्ज कसा करतात?

मुंबईत हे अधिकार 1888 च्या महानगरपालिका कायद्यानुसार महापालिकेकडे आहेत. पुढचा क्रम साधारण असा असतो.

पहिल्यांदा आपल्या विभाग कार्यालयाच्या परिरक्षण खात्यात जाऊन त्या रस्त्याला किंवा चौकाला आधीच नाव आहे का ते विचारा. अर्ज अडतात ते इथंच. पाटी पडून गेलेली असते, लोकांना वाटतं जागा बिननावाची आहे, आणि दप्तरात मात्र जुना ठराव असतो. आधी नाव असलेल्या जागेला पुन्हा नाव देणं सहसा मान्य होत नाही.

जागा मोकळी असेल तर सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज द्या किंवा नगरसेवकांमार्फत प्रस्ताव मांडा. सोबत चार गोष्टी ठेवा: जागेचा नकाशा, ज्यात रस्ता कुठून सुरू होऊन कुठं संपतो हे स्पष्ट असेल, त्या व्यक्तीचा परिचय आणि या भागाशी असलेला संबंध, कुटुंबीयांचं संमतिपत्र, परिसरातल्या रहिवाशांच्या सह्या. हयात व्यक्तीचं नाव सुचवू नका. विभागाकडून पाहणी होते, प्रस्ताव प्रभाग समितीकडे जातो, पुढं स्थापत्य समिती आणि सभागृह. मंजुरीनंतर पाटी लागते.

नकाशात 'अमुक दुकानापासून' असं लिहिलं आणि दुकान बदललं की प्रस्ताव परत येतो. म्हणून मोजणी क्रमांक किंवा छेदणारे रस्ते लिहा. एकाच चौकासाठी दोन मंडळांचे दोन अर्ज गेले तर दोन्ही लटकतात, आधी आपसात बसून ठरवा. आणि पाटीवरचा मजकूर लेखी मंजूर करून घ्या, कारण पाटी रंगवणाऱ्याच्या हाती चुकलेलं शुद्धलेखन मग वर्षानुवर्षं तसंच राहतं.

सुचवलेलं नाव लोकांच्या तोंडी बसावं यासाठी काही करता येतं का?

हो, आणि याचा विचार अर्जाआधीच व्हायला हवा. नावाची आद्याक्षरं करून बघा, कारण लोक ती करणारच. हॉर्नबी रोडला दादाभाई नौरोजींचं नाव मिळालं, ते डी. एन. रोड झालं आणि इतकं बसलं की हॉर्नबी आज कुणाला आठवतही नाही. उपनगरातल्या जुन्या घोडबंदर रस्त्याचा एस. व्ही. रोड झाला, तोही घट्ट बसला. नाव बदलण्याच्या दृष्टीनं दोन्ही यशस्वी. पण एस. व्ही. रोडवर रोज ये-जा करणाऱ्याला त्यात स्वामी विवेकानंद आहेत हे ठाऊक असतंच असं नाही, आणि एल. बी. एस. मार्गावर लालबहादूर शास्त्रींचंही तेच होतं. ज्यांच्या स्मरणासाठी नाव दिलं तेच अक्षरांत लपतात. हे टाळायचं तर पदव्या आणि विशेषणं अर्जात लिहा, पाटीवर नको. एक नाव आणि एक आडनाव, किंवा लोक ज्या नावानं हाक मारत तेच नाव ठेवा.

भाऊचा धक्का त्या दृष्टीनं बघण्यासारखा आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांना लोक भाऊ म्हणत, त्यांनी बांधलेला म्हणून भाऊचा धक्का. इंग्रजीत फेरी वॉर्फ लिहिलं जातं, पण रेवस-मोऱ्याच्या लाँचला जाणारा माणूस भाऊच्या धक्क्यावरच जातो. हाक मारायचं नाव टिकलं, म्हणून माणूसही स्मरणात राहिला.

नव्या पुलांच्या बाबतीत काय दिसतं?

दोन पूल शेजारी ठेवून बघा. वांद्रे-वरळी पूल 2009 मध्ये सुरू झाला, अधिकृत नाव राजीव गांधी सागरी सेतू. बांधकामाच्या काळातच 'सी लिंक' इतकं रुळलं होतं की नंतरच्या नावाला जागाच उरली नाही. 2024 च्या जानेवारीत सुरू झालेला शिवडी-न्हावा शेवा हा 21.8 किलोमीटरचा पूल मात्र लोक सर्रास अटल सेतू म्हणतात. बांधकामाच्या वेळचं 'एमटीएचएल' (मुंबई ट्रान्स हार्बर लिंक) हे नाव जिभेला जड होतं, आणि नवं नाव दोन शब्दांत संपतं. धर्मवीर स्वराज्यरक्षक छत्रपती संभाजी महाराजांचं नाव असलेला किनारी रस्ता मात्र बोलण्यात कोस्टल रोडच राहिला. थोर नावाला लांबलचक केलं की ते रोजच्या बोलण्याबाहेर जातं, याचं वाईट वाटतं. काम सुरू होतानाच फलकावर अंतिम आणि छोटं नाव लिहिणं हाच यावरचा उपाय.

रेल्वे स्टेशनचं नाव बदलायला काय लागतं?

राज्य सरकारचा प्रस्ताव केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. मंत्रालय रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभागाकडून अभिप्राय घेतं, ना-हरकत मिळाली की राज्य अधिसूचना काढतं आणि मग रेल्वे पाट्या बदलते. याबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 1953 ची आहेत. लोकांना सवयीचं झालेलं नाव खास कारणाशिवाय बदलू नये, इतिहासाशी जोडलेलं नाव शक्यतो ठेवावं, केवळ स्थानिक अभिमानासाठी किंवा भाषेच्या कारणावरून बदल करू नये, जवळपास त्याच नावाचं दुसरं गाव नाही ना ते बघावं, आणि जुनं का नको व नवं का हवं याची सविस्तर कारणं द्यावीत, असा त्यांचा आशय आहे.

पाटी हा त्यातला सर्वांत सोपा भाग. स्टेशनचा सांकेतिक कोड, तिकीट प्रणाली, पास, इंडिकेटर, तिन्ही भाषांतल्या उद्घोषणा आणि डब्यातले नकाशे हे सगळं बदलावं लागतं. छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये 2017 साली 'महाराज' आलं तेव्हा सीएसटीएम हा कोडही सीएसएमटी झाला.

सीएसटी रुळलं, प्रभादेवी रुळतंय, पण सगळीच नावं का रुळत नाहीत?

व्हिक्टोरिया टर्मिनसचं 1996 मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. व्हीटी हे दोन अक्षरी नाव मोडणं कठीण होतं, पण सीएसटी तेवढंच सुटसुटीत निघालं आणि प्रत्येक गाडीच्या इंडिकेटरवर आलं. जुने टॅक्सीवाले अजूनही व्हीटी म्हणतात, लोकलनं येणारे सीएसटी किंवा सीएसएमटी. म्हणजे कोण कुठल्या वाहनानं येतं यावरही नाव ठरतं.

एलफिन्स्टन रोडचं 2018 मध्ये प्रभादेवी झालं. ते नाव नव्यानं घडवलेलं नव्हतं, पश्चिमेच्या वस्तीचं आणि देवीचं जुनंच होतं. त्याउलट, रहिवाशांच्या बोलण्यात कधीच नसलेलं नाव वरून आलं की उद्घोषणेत ऐकू येतं आणि फलाटावरच राहतं.

2024 मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेल्या प्रस्तावात करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी अशी नावं आहेत. ही रुळायला सोपी, कारण तिथले लोक घर कुठं म्हटल्यावर आधीपासून हेच सांगतात. चर्नी रोडचं गिरगाव करण्याबद्दल मात्र थोडं थांबावंसं वाटतं. चर्नी हे नाव गुरांच्या चरणीशी जोडलं जातं, साहेबाच्या नावाशी नाही. आणि मेट्रो 3 वर गिरगाव स्थानक 2025 पासून आहेच.

बिल्डर लोअर परळला 'अपर वरळी' म्हणतात. असं नाव टिकेल का?

जाहिरातीत टिकेल. स्टेशन, पिनकोड, पोलीस ठाणं, बस थांबा यांतलं काहीच त्या नावाचं नसेल तर बोलण्यात येणं अवघड. घर घेताना करारनाम्यात गाव, सिटी सर्व्हे क्रमांक आणि पिनकोड बघा. खरी जागा तीच. ऑनलाइन नकाशावर असं नाव दिसलं तर 'सजेस्ट ॲन एडिट'मधून दुरुस्ती सुचवता येते.

कुठलं जुनं नाव बदललंच पाहिजे?

जे नाव घेताना तिथं राहणाऱ्याची मान खाली जाते ते. वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये घेतला. इथं सवयीचा आणि इतिहासाचा मुद्दा गैरलागू आहे, कारण ती नावं तिथल्या लोकांनी स्वतःला दिलेली नव्हती. नवं नाव ठरवताना मात्र वस्तीलाच विचारावं. आणि पाटी बदलली तरी शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादी यांत जुनं नाव रेंगाळतं, तेही पाठपुरावा करून काढून घ्यावं.

पत्ता लिहिताना जुनं नाव लिहू की नवं?

दोन्ही लिहा. आधी इमारत, मग अधिकृत रस्ता, मग बोलण्यातलं नाव किंवा ठळक खूण, मग विभाग आणि पिनकोड. पिनकोड 1972 मध्ये आला, त्याआधी मुंबईत नुसता विभाग क्रमांक लिहीत. गिरगावचं 'मुंबई 4' पुढं 400004 झालं. म्हणून जुन्या पत्रावरचा पत्ता आजही लावता येतो.

रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाला फोन करताना नुसतं एम. जी. रोड किंवा शिवाजीनगर कधीही सांगू नका. एम. जी. रोड फोर्टमध्ये आहे, घाटकोपरला आहे, मुलुंडला, गोरेगावला आणि कांदिवलीलाही. आधी उपनगर, मग पूर्व की पश्चिम, मग रस्ता आणि शेवटी लोक ओळखतात ती खूण, या क्रमानं सांगा.

नाव बदललं की जुनी कागदपत्रं बाद होतात का?

नाही. रस्त्याचं किंवा शहराचं नाव बदललं म्हणून दस्त रद्द होत नाही. पुढच्या वेळी कागद नवा काढाल तेव्हा नवं नाव घाला.

शहर 1995 पासून मुंबई आहे, मग इंग्रजीत हायकोर्ट अजून 'बॉम्बे' का?

कारण प्रत्येक संस्थेचं नाव तिच्या स्वतःच्या कायद्यात किंवा सनदेत असतं आणि शहराच्या नावाबरोबर ते आपोआप बदलत नाही. विद्यापीठाचं नाव 1996 मध्ये बदललं. उच्च न्यायालयासाठी संसदेचा कायदा लागतो. 2016 मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं, पण ते मंजूर झालं नाही. आयआयटीचं नावही संसदेच्या कायद्यात आहे. त्यामुळे इंग्रजी अर्जावर न्यायालयाचं नाव लिहिताना आज तरी 'बॉम्बे'च लिहावं लागतं, आणि पत्त्याच्या ओळीत मुंबई.